डालग्यावर वाळवलेल्या पत्त्या

लोणावळ्याजवळच्या कुरवंडे गावात ज्या बंगल्यात मी स्वयंपाक करते, तिथे मागच्या खोलीच्या दारावर एक लाल दिवा आहे. तो लागला की मिक्सर लावायचा नाही, कुकर चढवायचा नाही, नळ जोरात सोडायचा नाही, आणि शिंक आली तर परड्यात जाऊन द्यायची. बंगलेवाले मुंबईला असतात. त्यांनी खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकल्या, मधे काचेची मोठी खिडकी बसवली आणि गाणी भरायला ती खोली लोकांना देऊ लागले. गाद्या निजायला सोडून भिंतीला कशाला, असं मला पहिल्यांदा वाटलं होतं. आता सवय झाली. डाळ मी उघड्या पातेल्यात शिजवते. वेळ लागतो, पण पातेलं शिट्टी मारत नाही.

गाणारे येतात, दहा दिवस राहतात, जातात. मी बहुतेकांना विसरले. हे दोघं लक्षात राहिले, कारण त्यांचं काम माझ्या हातून बिघडलं.

श्रावण नुकता लागला होता. दोघं पुण्याहून आले. ती गायची आणि विजेवरची पेटी वाजवायची. तो सॅक्सोफोन वाजवायचा, खाली वाकडं तोंड असलेला पितळी भोंगा. दोघंही तिशीच्या पुढचे. तिसरा माणूस यंत्रावरचा, तो काचेपलीकडे बसायचा. तो बोलायचा कमी आणि भाकरी खायचा चार.

पहिल्याच दिवशी मी विचारून घेतलं.

"तुमी नवराबायको का?"

"नाही हो मावशी," ती म्हणाली. "आमचा दोघांचा बँड आहे."

"दोघांचा बँड? आमच्यात अकरा मानसं असल्याबिगर बँड म्हनत न्हाईत."

"आम्हाला हे दोघंच पोसवत नाहीत," तो म्हणाला.

हा त्यांचा पहिला अल्बम होता. नऊ गाणी भरायची होती. सोमवारी दुपारी खोली सोडायची, कारण लगेच दुसरे लोक येणार होते.

मला चौकशीची खोड आहे. चौथीपर्यंत शिकले, पण विचारायला शाळा लागत नाही. चहा घेऊन गेले की मी दिवा बंद आहे ना बघायची आणि दारातच बसायची.

"ह्यो अल्बम कुटं मिळंल?"

"फोनवर."

"आदी क्यासेट असायची, मग सीडीची तबकडी आली. आता वस्तू काय असती?"

"वस्तू काही नाही, मावशी. नुसतं गाणं."

"मग तुमी हितनं घिऊन काय जानार?"

त्याने खिशातून एक बोटाएवढी चपटी डबी काढून दाखवली. सगळी गाणी तिच्यात मावतात म्हणे. दहा दिवस एवढा पसारा, वायरींची भेंडोळी, चार चार भाकऱ्या, आणि जाताना ही एवढीशी डबी. मी ती हातात घेऊन बघितली. वजन काहीच नव्हतं.

त्यांच्या गाण्याला जॅझ म्हणतात, पण सगळं जॅझ नाही, थोडं साधं पण आहे, असं तिने सांगितलं. मी विचारलं, जॅझ म्हणजे काय. तो म्हणाला, "चाल ठरलेली असते. पण वाजवताना ती तशीच वाजवायची नाही. त्या त्या वेळी सुचेल तशी फिरवायची."

"आमचं मालक चाल इसरलं की असंच करायचं," मी म्हटलं. "त्याला आमी चुकलं म्हनायचो."

ती इतकी हसली की चहा सांडला. तो पण हसला, पण जरा उशिराने.

माझा नवरा बँडपार्टीत क्लॅरिनेट वाजवायचा. लग्नं, जयंतीची मिरवणूक, काय असेल ते. लग्नसराई संपली की चिक्कीच्या कारखान्यात गुळाचा पाक ढवळायचा. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. क्लॅरिनेट पोराने विकलं. त्याच्या पत्त्यांची डबी तेवढी राहिली. क्लॅरिनेट काय आणि सॅक्सोफोन काय, तोंडाशी एक चपटी पत्ती बांधतात. फुंकलं की ती थरथरते आणि आवाज निघतो. पत्ती नसली तर एवढं मोठं वाद्य म्हणजे नुसती नळी. नवरा विकतची पत्ती घेत नसे. ओढ्याच्या कडेला देवनळ वाढतो, त्याचं पेर चिरून, काचेच्या तुकड्याने तासून तो घरीच पत्त्या करायचा. पकडायला मी असायची.

म्हणून मला वाटायचं, पत्तीतलं आपल्याला कळतं.

गाणी कशी भरतात ते मी हळूहळू बघून घेतलं. मला वाटायचं, गातात आणि यंत्र भरून घेतं. तसं नाही. ती आधी एकटी पेटी वाजवते. दुसऱ्या दिवशी कानाला लावून त्यावर गाते. एक ओळ सात वेळा गाते, मग यंत्रावरचा सातांतली दोन अक्षरं इथली, तीन तिथली घेऊन जोडतो. तो भोंगा वाजवतो तेव्हा ती बाहेर माझ्याजवळ शेंगा सोलत असते. ऐकणाऱ्याला वाटणार की दोघं समोरासमोर आहेत. गोधडी शिवतात तसं सगळं तुकड्यांचं काम. फसवणूक म्हणावी तर तशी नाही, गोधडीलाही कोणी फसवणूक म्हणत नाही.

शनिवार दुपारपर्यंत आठ गाणी झाली. नववं ठेवलं होतं शेवटी. ते तुकड्यांनी करायचं नव्हतं. त्यात ती एक ओळ गाते आणि तो भोंग्यातून तिला उत्तर देतो. काय उत्तर देणार हे आधी ठरलेलं नाही. ते ऐकून ती पुढची ओळ म्हणते. दोघांनी एका वेळी, एका खोलीत. याच गाण्यापासून आमचा बँड सुरू झाला, असं तिने मला सांगितलं होतं. गुरुवारी ती परदेशात नवऱ्याकडे जाणार होती आणि वर्षभर तरी परत येणार नव्हती.

शनिवारी जेवण झाल्यावर तो जरा आडवा झाला. मी स्वयंपाकघरात आले तर खिडकीशी स्टीलच्या ताटलीत त्याच्या चार पत्त्या, ओल्या. एकीवर काळा ठिपका. श्रावणात आमच्याकडे बुरशी धरायला वेळ लागत नाही. चप्पल दोन दिवस घातली नाही तर हिरवी होते. कपडे उन्हात वाळत नाहीत, कारण ऊन नसतं. शेगडी पेटवायची, तिच्यावर कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं पालथं घालायचं आणि त्यावर कपडे टाकायचे. घराघरात हेच चालतं. नवरा पण पावसाळ्यात त्याच्या पत्त्या डालग्यावर वाळवायचा, नाहीतर त्या फुगायच्या.

डालग्यावर त्या दोघांचे मोजे होतेच. मोज्यांच्या शेजारी मी पत्त्या ओळीने मांडल्या. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी आपणहून ठेवल्या आणि भांडी घासायला गेले.

परत आले तेव्हा चारही पत्त्या तव्यावरच्या पापडासारख्या वाकड्या झाल्या होत्या. नवऱ्याच्या जाड असायच्या, या कागदासारख्या पातळ.

तो उठून आला. डालग्याकडे बघत उभा राहिला.

"मावशी, ह्या इथे कोणी ठेवल्या?"

"मी."

"का?"

"वल्या व्हत्या. बुरशी धरत व्हती."

"अहो, ह्या अशा वाळवायच्या नसतात!"

"आमच्या वाळवायच्याच असत्यात."

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने एकेक पत्ती उचलून उजेडात धरली आणि खाली ठेवली. ती आली. दुसऱ्या नाहीत का, असं तिने विचारलं. दहा आणल्या होत्या, सहा या आठवड्यात झिजून गेल्या, या चार शेवटच्या. मग फोन सुरू झाले. त्याच्या मोठ्या भोंग्याची पत्ती पुण्यात मिळेना. मुंबईत एका दुकानात होती. ते रविवारी बंद, सोमवारी अकराला उघडणार. लोणावळ्यात चिक्कीची दुकानं मोजता येणार नाहीत एवढी आहेत, पण त्याचा काय उपयोग.

संध्याकाळचा चहा घेऊन गेले तर दोघांचं जुंपलं होतं.

"तू तुझं गाऊन टाक," तो म्हणत होता. "मी माझं नंतर मुंबईत वाजवतो. चिकटवता येईल."

"मी आज विचारायचं आणि तू पुढच्या महिन्यात उत्तर देणार?"

"मग आठच गाण्यांचा काढू."

"मग मला काढायचाच नाही."

 यंत्रावरच्याने भाकरीचा घास हातात धरून ठेवला.

"भांडान सोमवारच्याला करा," मी म्हटलं. "तवर मला बघू द्या."

मी घरी गेले आणि नवऱ्याची डबी आणली. तिच्यात दोन पत्त्या होत्या. भोंगेवाल्याने त्यातली एक आपल्या भोंग्याच्या तोंडाला लावून बघितली. अरुंद पडली. दोन्ही बाजूंनी फट राहिली. मला हे आधीच कळायला हवं होतं, पण नाही कळलं. तो पत्ती उलटसुलट करून बघत राहिला.

"ही कशाची केलीय?"

"देवनळाची. वढ्याला हाय."

"आमच्या पण ह्याच नळाच्या असतात. परदेशात पिकवतात."

"मग वढा सोडून तितनं कशापायी आनता?"

त्याने पत्ती परत डबीत ठेवली.

पत्ती वाकली की नवरा काय करायचा ते मला आठवत होतं. कोमट पाण्यात भिजवायची, सपाट काचेवर पालथी घालायची, वर वजन ठेवायचं. बंगल्यात काचा पुष्कळ, पण सगळ्या भिंतीत बसवलेल्या. आरसा होता, त्याच्या कडा उतरत्या. परत घरी गेले आणि भिंतीवरचा नवऱ्याचा फोटो उतरवला.

"आत्या, फोटो कुटं घिऊन चाललाय?" सून म्हणाली.

"काच तेवढी न्हेते. तुजा सासरा हितंच ऱ्हातोय."

"काचंबिगर?"

"तेला काय थंडी वाजतीया?"

तिने तोंड वाकडं केलं. मी खिळे उपसून काच काढली, पुठ्ठा आणि फोटो कपाटावर ठेवला. परसातल्या खरवताची चार पानं पण तोडून घेतली. खरवताचं पान पॉलिश पेपरसारखं खरखरीत असतं. आमच्याकडे उलथण्याचा दांडा गुळगुळीत करायचा तर त्यानेच घासतात.

पाण्यात टाकल्यावर दोन पत्त्या टोकाला चिरल्या. त्या गेल्या. उरलेल्या दोन मी काचेवर पालथ्या घातल्या, वर सुती फडकं, त्यावर बसायचा पाट, पाटावर तांदळाचा डबा. डबा कोणी हलवायचा नाही, असं सगळ्यांना सांगून ठेवलं. लाल दिव्यापेक्षा त्या डब्याला जास्त मान मिळाला. रविवारी सकाळी यंत्रावरच्याला पोहे वाढायला पण तो पाट कोणी सरकवला नाही.

रविवारी दुपारी डबा उतरवला. एक पत्ती वाकडीची वाकडीच. एक सपाट दिसत होती. त्याने ती बांधली, फुंकली. नुसता वारा. फुस्स. परत फुंकली. फुस्स.

"खालनं बसत न्हाई ती," मी म्हटलं. "आना हिकडं."

काचेवर खरवताचं पान उलटं अंथरलं आणि पत्तीची सपाट बाजू त्यावर घासायला लागले. त्याने माझा हात धरला.

"मावशी, जास्त नको."

"जास्त किती ते मला कळतंय."

"काल पण तुम्हाला कळत होतं."

 मी हात सोडवून घेतला आणि घासत राहिले. दहा वेळा घासायची, त्याच्याकडे द्यायची, तो फुंकायचा, परत माझ्याकडे. असं किती वेळा झालं ते मोजलं नाही. बाहेर रस्त्यावर कडा बघायला आलेल्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते. पावसाळ्यात रविवार आमच्याकडे असाच जातो. एवढ्या गोंगाटात भिंतीच्या गाद्या पण कामाच्या नाहीत, त्यामुळे त्या दिवशी गाणं भरता येणारच नव्हतं. उरली होती सोमवारची सकाळ.

चहाच्या वेळेला पत्तीतून आवाज आला. घसा बसलेल्या माणसासारखा. ती धावत आली. तो म्हणाला, "खरखरतंय. आणि उशिरा बोलतेय. मी फुंकतो तेव्हा नाही, जरा मागून बोलते."

"बोलते ना?" ती म्हणाली.

सोमवारी उजाडताच रस्ता मोकळा होता. तिने मला काचेपलीकडे यंत्रावरच्याच्या शेजारी बसवलं. खोकायचं नाही, एवढी एकच अट. इतक्या वर्षांत मी आतून पहिल्यांदाच बघत होते. तिने पेटीवर दोन सूर धरले आणि पहिली ओळ गायली. मग त्याच्याकडे बघितलं. त्याने गाल फुगवले. आवाज नाही. तिचे हात पेटीच्या वर तसेच थांबले. मग ती घोगरी पत्ती बोलली, आणि ती बोलल्यावर तिने हात खाली टेकवले. पुढच्या ओळीला पण तसंच. तिसऱ्या ओळीपासून ती त्याची वाट बघते आहे, हे बघणाऱ्याला कळेना, इतकं ते जमलं. मला त्या गाण्यातलं फार काही समजलं नाही. पण मी लाटणं हातात असल्यासारखी पुढे वाकून बसले होते आणि चपात्या करायच्या राहिल्या होत्या.

दुसऱ्यांदा भरायला घेतलं तेव्हा अर्ध्यात पत्ती चिरली. म्हणजे जे होतं ते पहिलंच.

त्याने चिरलेली पत्ती काढली आणि टेबलावर टाकली. "माझा भाग मी मुंबईत नव्या पत्तीवर परत वाजवणार," तो म्हणाला. "हा आवाज अल्बममध्ये ठेवता येणार नाही."

ती वायरी गुंडाळत होती.  भांडणाला तिच्याकडे वेळ उरला नव्हता.

मी म्हटलं, "वाजवा की. तुमचा भोंगा."

जाताना त्याने खरवताची दोन पानं मागून घेतली. वहीत घालून नेली. चूक माझी होती, ती मी बंगलेवाल्यांना पण फोनवर सांगितली. ते म्हणाले, यापुढे लोकांच्या सामानाला हात लावू नका. बरोबर बोलले.

काच परत फोटोला बसवली. तिच्यावर दोन पत्त्यांचे डाग राहिले आहेत, राख लावून घासले तरी जात नाहीत. सून म्हणते, नवी काच घालू. काचेला काय झालंय?

मला एकच गोष्ट कळून घ्यायची होती. त्याने परत वाजवलं का? नंतर आलेल्या गाणाऱ्यांना मी विचारलं, त्यांना हे दोघं माहीत नव्हते. नातीला सांगून ठेवलं, ती लोणावळ्याला कॉलेजला जाते, फोन तिच्या हातातच असतो. थंडी पडल्यावर एक दिवस ती परसात धावत आली.

"आज्जे, तुज्या त्या दोघांचा अल्बम आला!"

मी शेंगा निवडत होते. फोन सुपात ठेवला आणि ऐकायला बसलो. आठ गाणी मी ओळखली. ही ओळ सात वेळा गायली होती, हा तुकडा मी मेथी निवडताना झाला, हे नातीला सांगत होते. ती म्हणाली, ऐकू दे की. खरं सांगायचं तर आठांपैकी दोन मला बरी वाटली. बाकीची लोणावळ्याच्या हॉटेलात जेवताना लावतात तशी. कानाला त्रास नाही, एवढंच.

नववं सुरू झालं. पेटीचे दोन सूर, तिची ओळ. मग भोंगा. घोगरा वाटला मला, पण फोनचा आवाज तसाही घोगराच. त्यावरून ठरवता येईना.

"मागं घे," मी म्हटलं. "भोंग्याच्या आदीपासनं."

नातीने मागे घेतलं. मी सूप बाजूला केलं आणि कान फोनला लावला. ओळ संपली. मग काहीच नाही. मग भोंगा बोलला आणि त्याच्या मागून पेटी.

नव्या पत्तीवर वाजवलं असतं तर भोंगा वेळेवर आला असता, पेटी मागे राहिली असती. इथे भोंगाच उशिरा आला होता आणि पेटी त्याच्यासाठी थांबली होती, म्हणजे त्याने परत वाजवलं नव्हतं.

"हितं काय हाय?" नात म्हणाली. "हितं तर काय वाजतच न्हाई. चुकलंय का?"

"चुकलं न्हाई. पत्ती उशिरा बोलली, म्हनून ती थांबली."

"तुला कसं ठावं?"

"घासली मी."

तिला वाटलं मी थट्टा करते आहे. मी तिला ती जागा अजून एकदा लावायला सांगितली, आणि मग उरलेलं गाणं शेवटपर्यंत ऐकलं.